गिधाडांच्या अभ्यासात क्षेत्र-सहाय्यक म्हणून काम: कड्यासमोर बसून नेमके काय करायचे असते?

कपारीसमोर

संकटग्रस्त शिकारी पक्ष्यांच्या संशोधनात क्षेत्र-सहाय्यक नेमके काय करतो, असे पक्षीनिरीक्षणाची आवड असणारे तरुण वारंवार विचारतात. मी सह्याद्रीच्या उत्तर भागात गिधाडांच्या विणीची नोंद ठेवणाऱ्या एका प्रकल्पात हे काम करतो, म्हणून येथे गिधाडांपुरतेच लिहितो. गिधाड स्वतः शिकार करीत नसले तरी ते गरुड आणि घारींच्याच कुळातले आहे, आणि आपल्या देशात शिकारी पक्ष्यांवरील क्षेत्रकार्याचा सर्वात मोठा आणि सर्वात दुःखद अनुभव याच पक्ष्याच्या वाट्याला आला आहे.

महाराष्ट्रात विणीसाठी राहणाऱ्या दोन प्रमुख जातींपैकी लांब चोचीचे गिधाड कड्यांच्या कपारींत घरटे करते, तर पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर. दोन्ही जातींत जोडी वर्षातून एकच अंडे घालते. पावसाळा संपला की घरट्यांची डागडुजी सुरू होते, हिवाळ्यात अंडे दिसते, सुमारे पन्नास ते पंचावन्न दिवस नर आणि मादी आळीपाळीने ते उबवतात, आणि पिल्लू घरट्यातून उडेपर्यंत उन्हाळा आलेला असतो. ते पिल्लू स्वतः वीण करू लागायला साधारण पाच वर्षे जातात. इतक्या संथ गतीने वाढणाऱ्या पक्ष्याच्या वसाहतीत एका हंगामात किती घरटी यशस्वी झाली, हे ठाऊक असल्याशिवाय तिच्या भवितव्याविषयी काहीही बोलता येत नाही, आणि ते ठाऊक होण्याचा मार्ग म्हणजे ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतराने, पूर्ण हंगामभर जाऊन बसणे.

आमचे बसण्याचे ठिकाण कड्यापासून पुरेसे दूर, शक्यतो समोरच्या डोंगराच्या सोंडेवर असते. कड्याच्या मोठ्या छायाचित्रावर प्रत्येक कपारीला क्रमांक दिलेला असतो आणि दर भेटीत प्रत्येक क्रमांकासमोर काहीतरी लिहावेच लागते: पक्षी बसलेला आहे, उभा आहे, जोडी आहे, अंडे दिसले, पिल्लू दिसले, केवळ विष्ठेचे ताजे पांढरे ओघळ दिसले, किंवा काहीच दिसले नाही. बसलेल्या पक्ष्याच्या पोटाखाली काय आहे हे तासन्‌तास कळत नाही. ते कळते जोडीदार परत येऊन पालट होतो त्या मोजक्या क्षणांत, आणि नेमक्या त्या वेळी दुर्बिणीवरून नजर हटलेली असून चालत नाही. झाडावरच्या घरट्यांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ताजा हिरवा पाला आणून ठेवतात, त्यामुळे पिल्लू किंवा अंडे दिसण्याच्या पुष्कळ आधी घरटे वापरात असल्याचा सुगावा लागतो.

या कामात मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते शून्य लिहिणे. नोंदपत्रकातील कोरी चौकट आणि शून्य या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. कोरी चौकट म्हणजे तेथे कोणी पाहिले नाही. शून्य म्हणजे पाहिले, ठरलेला वेळ पाहिले, हवा स्वच्छ होती, आणि पक्षी नव्हता. नव्या सहाय्यकाला रिकाम्या कपारीसमोर काही लिहिणे निरर्थक वाटते, कारण आपण पक्षी पाहायला आलो आहोत अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात लोकसंख्येची घसरण ही शून्यांमधूनच दिसते.

याचा पुरावा आपल्याच देशात आहे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याच झाडांची त्याच पद्धतीने मोजणी केली तेव्हा निम्म्याहून कमी जोड्या उरल्या होत्या, आणि पुढच्या काही वर्षांत ती वसाहत पूर्णपणे संपली. देशपातळीवरही तसेच झाले. १९९०च्या दशकाच्या आरंभी सोसायटीने रस्त्यांवरून प्रवास करीत शिकारी पक्ष्यांची मोजणी केली, तेव्हा गिधाडे इतकी सर्वत्र होती की त्यांची संख्या लिहून ठेवण्याची निकड कोणालाही वाटली नसती. तरीही ती लिहिली गेली. तेच रस्ते २००० पासून पुन्हा पुन्हा तपासले गेले म्हणूनच १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी आणि लांब व निमुळत्या चोचीच्या गिधाडांची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटली, असे ठामपणे सांगता आले. सामान्य पक्ष्याची कंटाळवाणी मोजणी कोणीतरी प्रामाणिकपणे केली नसती, तर आज आपल्याकडे केवळ म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी असत्या.

इतर भागांत असे काम केलेल्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत. घरट्यांची नेमकी ठिकाणे मात्र कृपया येथे देऊ नयेत.

पाऊलवाट

अतिशय उपयुक्त लेखन. मी प्राणिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि पुढील हंगामात अशा कामासाठी अर्ज करण्याचा विचार आहे. माझ्या दोन शंका आहेत. पक्षी पकडणे, त्यांच्या पायात ओळखीची कडी घालणे किंवा त्यांचा ठावठिकाणा कळवणारा उपग्रह-टॅग लावणे, रक्ताचे नमुने घेणे ही कामे क्षेत्र-सहाय्यकाला करावी लागतात का? आणि आता ड्रोन उपलब्ध असताना समोरच्या सोंडेवर दिवसभर बसण्याची आवश्यकता उरली आहे का?

कपारीसमोर

पहिल्या प्रश्नाबाबत: गिधाडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्यांना पकडण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि ती प्रकल्पाला, ठरावीक उद्देशासाठी आणि ठरावीक संख्येपुरती मिळते. पक्षी पकडणे, टॅग लावणे आणि नमुने घेणे ही कामे अनुभवी संशोधक आणि पशुवैद्यक करतात. सहाय्यक पक्षी धरून ठेवतो, डोळ्यांवर टोपी चढवतो, वेळ मोजतो आणि सांगितलेली मापे लिहितो. चार-पाच किलो वजनाच्या त्या पक्ष्याची चोच मेलेल्या बैलाचे कातडे फाडण्यासाठी घडलेली आहे, हे लक्षात ठेवलेले बरे. टॅगचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा दंडक पाळला जातो.

टॅगमुळे एका पक्ष्याचा मार्ग कळतो, वसाहतीतील संख्या कळत नाही. २०२४ च्या आरंभी हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून लांब चोचीची गिधाडे पेंचमध्ये आणि पांढऱ्या पाठीची ताडोबात आणली गेली. अशा पक्ष्यांना मोठ्या पिंजऱ्यात परिसराची सवय करून देऊन मग टॅग लावून सोडले जाते, आणि तेथे टॅगला पर्याय नाही, कारण कधीही मुक्त न उडालेला पक्षी कोठे जातो, काय खातो आणि कोठे संकटात सापडतो हे तासागणिक कळणे आवश्यक असते. पण टॅगचा ठिपका एकाच जागी थांबला की तेथे धावत जाऊन शोधायचे काम पुन्हा माणसाचेच.

ड्रोनविषयी माझे मत स्पष्ट आहे: उबवणीच्या काळात वसाहतीजवळ ड्रोन नको. वर घोंघावणाऱ्या वस्तूमुळे पक्षी अंड्यावरून उठला की भर उन्हात ते अंडे उघडे पडते आणि कावळे त्याची वाटच पाहत असतात. मेलेल्या जनावराजवळ लावलेला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा, मात्र उत्तम काम करतो. कोणत्या जाती आल्या, प्रौढ किती, अल्पवयीन किती आणि कुत्र्यांनी त्यांना किती वेळा हुसकावले, हे त्यातून माणसाच्या उपस्थितीशिवाय कळते.

गोठ्यातला_डॉक्टर

मी खानदेशात पशुवैद्यक म्हणून काम करतो, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू मांडतो. गिधाडे नाहीशी होऊ लागली तेव्हा प्रथम संसर्गजन्य रोगाचा संशय होता. खरे कारण २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाकिस्तानातील अभ्यासातून पुढे आले. मूत्रपिंड निकामी होऊन, अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर साचून मेलेल्या २५ गिधाडांच्या तपासणीत सर्वांमध्ये डायक्लोफिनॅक हे गुरांना दिले जाणारे आणि त्यांच्या शवातून गिधाडांच्या पोटात जाणारे वेदनाशामक औषध सापडले, आणि इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकाही पक्ष्यात ते सापडले नाही. या दोन संख्यांमागे क्षेत्रावरील माणसांचे अफाट कष्ट आहेत. उन्हात पडलेले शव काही तासांत तपासणीच्या पलीकडे जाते, म्हणून मेलेल्या अनेक पक्ष्यांतून मोजकेच उपयोगी पडतात, आणि ते मिळवण्यासाठी कोणाला तरी रोज झाडांखाली फिरावे लागते.

भारतात पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. त्यानंतरही माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात होत्या. २०१५ मध्ये ही इंजेक्शने ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेपुरती मर्यादित केली गेली. ॲसिक्लोफिनॅक हे दुसरे वेदनाशामक गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच होते, हे सिद्ध झाल्यानंतरही बरीच वर्षे ते मिळत होते. ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या दोहोंवर २०२३ मध्ये, तर जनावरांसाठीच्या निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी आली. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक आम्ल ही दोन वेदनाशामक औषधे गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेली आहेत.

क्षेत्र-सहाय्यकांना माझी विनंती आहे की गावात औषधांची चौकशी करताना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे प्रश्न विचारू नयेत. ज्याची गाय कासदाहाने रात्रभर तळमळते आहे तो पशुपालक जे मिळेल ते इंजेक्शन देणार. त्याला "डायक्लोफिनॅक देता का" असे विचारले तर उत्तर नाही असेच मिळेल. त्याऐवजी गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या पाहू द्याल का, असे विचारावे. बाटलीवरील नाव आणि मुदत पुरेसे सांगून जातात. संपूर्ण लोकसंख्येत अशी घसरण घडवण्यासाठी जनावरांच्या एकूण शवांपैकी एक टक्क्याहूनही कमी शवांत हे औषध असणे पुरेसे होते. एका शवावर अनेक पक्षी एकत्र जेवतात, त्यामुळे एकेका गोठ्याची माहितीही मोलाची आहे.

वाडीवरची_ज्योत्स्ना

आमची वाडी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात आहे. म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात गिधाडांची वसाहत टिकली, ती तेथील लोकांनी झाडे राखली म्हणून, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे पांढऱ्या पाठीची गिधाडे नारळावरही घरटे करतात. घरटे असलेल्या माडावर हंगामभर पाडेली (नारळ पाडणारा) चढवता येत नाही, विष्ठेमुळे खालच्या झावळ्या जळल्यासारख्या होतात, आणि तरीही अनेक घरांत ते माड तसेच ठेवले जातात. मोजणीला येणाऱ्या मंडळींनी माडाच्या मालकाला प्रत्येक वेळी भेटावे, त्याला पिल्लाची प्रगती सांगावी, आणि हंगाम संपल्यावर आपल्या नोंदींचा सारांश मराठीत वाडीवर आणून द्यावा, एवढीच अपेक्षा आहे. आमच्याकडून माहिती घेऊन गेलेले अनेक जण पुन्हा दिसलेच नाहीत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याला धडकले तेव्हा माड, आंबे आणि जुने वृक्ष मोठ्या प्रमाणात पडले. घरटी करण्याजोगे उंच झाड एका पावसाळ्यात उभे राहत नाही. शिवाय नांगराची जागा पॉवर टिलरने घेतल्यापासून गावातील गुरे कमी झाली आहेत आणि मेलेले जनावर पुष्कळदा पुरले जाते. म्हणून आता पक्ष्यांसाठी वेगळ्या जागी शव ठेवावे लागते. आणलेले जनावर कोणत्या औषधोपचारानंतर मेले याची चौकशी त्या वेळी कटाक्षाने व्हावी, असे मला वरील प्रतिसाद वाचून अधिकच तीव्रतेने वाटते.

कपारीसमोर

ज्योत्स्नाताई, मराठी सारांशाची आपली सूचना मी आमच्या प्रकल्पात मांडतो. ज्यांच्या झाडावर आणि ज्यांच्या सबुरीवर आमचे काम उभे आहे त्यांना निष्कर्ष न कळणे अन्यायाचे आहे.

डॉक्टरसाहेबांच्या शवांविषयीच्या मुद्द्याला एक जोड देतो. मेलेले गिधाड सापडल्यास सहाय्यकाने त्याला हात लावण्यापूर्वी वनरक्षकाला कळवायचे असते, कारण पंचनाम्याशिवाय शव हलवता येत नाही. तोपर्यंत जागेचे निर्देशांक, शवाची स्थिती, आसपासचे विजेचे खांब आणि तारा, जवळचे पाणी आणि गेल्या काही दिवसांत तेथे टाकलेली जनावरे यांची नोंद करावी आणि शवावर सावली धरावी. आजारी पक्ष्यांविषयीही सावधपणे लिहावे. केवलादेवमध्ये मान खाली टाकून बसलेली गिधाडे आजाराचे लक्षण म्हणून नोंदवली गेली होती. पुढे असे दिसून आले की कडक उन्हात निरोगी गिधाडेही तशी बसतात. म्हणून "आजारी" असा निष्कर्ष नोंदवहीत लिहू नये. मान किती वेळ खाली होती, तापमान किती होते, पक्षी सावलीत होता की उन्हात, हे लिहावे. निष्कर्ष नंतर काढता येतो, न लिहिलेले तापमान नंतर मिळत नाही.

सोंडेवरची

मी अशा दोन प्रकल्पांत काम केले आहे. धाग्यात अद्याप न आलेली एक बाजू मांडते, कारण नव्याने येणाऱ्यांना ती आधी माहीत असावी.

हे काम बहुतांशी काही महिन्यांच्या करारावर असते. मानधन तुटपुंजे असते आणि अनुदानाचा हप्ता थांबला की तेही थांबते. मी काम केलेल्या एका ठिकाणी अपघात विम्याची तरतूदच नव्हती. अर्ज करताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: विमा आहे का, डोंगरावर एकट्याने जावे लागेल का, आणि माहिती प्रसिद्ध होईल तेव्हा ती गोळा करणाऱ्यांचे नाव त्यात असेल का. हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे काहीही कारण नाही.

कड्यांवरील सर्वात मोठा धोका बहुतेकांना वाटतो तसा दरीचा नसतो, आग्या मोहोळांचा असतो. ज्या उंच, उघड्या कड्यांवर गिधाडे राहतात त्याच कड्यांवर आग्या माश्यांची पोळीही असतात. बसण्याची जागा निवडताना पोळी कोठे आहेत ते आधी पाहावे, सुगंधी तेल किंवा अत्तर लावू नये, धूर करू नये, आणि माश्या उठल्या तर कोणत्या वाटेने उतरायचे हे बसण्यापूर्वीच ठरवावे. मुलींसाठी आणखी एक सांगते: गावात राहण्याची सोय आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा शिक्षिका यांच्या ओळखीने झाली तर काम कितीतरी सोपे होते, आणि गुराख्यांच्या घरातील स्त्रियांकडून जनावरांच्या आजारांची जी माहिती मिळते ती पुरुष सहाय्यकांना सहसा मिळत नाही.

पाऊलवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विमा आणि नामोल्लेख या बाबी विचारण्याचे माझ्या मनातही आले नसते. शेवटचा प्रश्न: हंगाम सुरू होण्यास अवधी आहे, तोपर्यंत मी काय सराव करावा?

कपारीसमोर

सोंडेवरची यांनी लिहिलेला शब्द न शब्द खरा आहे, आणि ज्या प्रकल्पांना दहा-वीस वर्षांची सलग माहिती हवी आहे त्यांनी ती गोळा करणारी माणसेही तितकी वर्षे टिकतील अशी व्यवस्था करायला हवी. दर हंगामाला नवा सहाय्यक आला की कपारींचे क्रमांक चुकतात, एकाची "बसलेली" दुसऱ्याची "उभी" होते, आणि मग वसाहतीत बदल झाला की पाहणाऱ्यात, हे सांगता येत नाही.

सरावाचे विचाराल तर घराजवळच्या घारींपासून सुरुवात करावी. एक घरटे निवडून ठरावीक दिवशी, ठरावीक वेळ, एकाच जागेवरून पाहावे. पेन्सिलने लिहावे, कारण शाई घामाने आणि दवाने पसरते. सुरुवातीची व शेवटची वेळ, ढग, वारा आणि दृश्यता यांच्या नोंदीशिवाय पान बंद करू नये. त्याच घरट्याची सोबतच्या मित्राला वेगळ्या पानावर स्वतंत्रपणे नोंद करायला सांगून दोन्ही पाने ताडून पाहावीत. जेथे फरक पडतो तेथे आपली व्याख्या सैल आहे असे समजावे. गिधाडांच्या वयाची ओळख छायाचित्रांवरून आताच पक्की करता येईल. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या अल्पवयीन पक्ष्याला पाठीवरचा पांढरा पट्टा नसतो, त्यामुळे तो दुसऱ्याच जातीचा समजला जाण्याची शक्यता असते, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून भरकटत आलेली अल्पवयीन हिमालयी गिधाडे हा गोंधळ आणखी वाढवतात.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की पहिली फेरी असते. त्या फेरीत मागच्या हंगामातील सर्व कपारी तपासल्या जातात, मोकळ्या पडलेल्याही.

गोठ्यातला_डॉक्टर

पाऊलवाट यांना एवढेच सुचवतो की पहिल्या फेरीपूर्वी त्या तालुक्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांना एकदा भेटून यावे आणि आपला दूरध्वनी क्रमांक तेथे देऊन ठेवावा. आजारी किंवा मेलेल्या गिधाडाची पहिली वार्ता पुष्कळदा दवाखान्यात जनावर घेऊन आलेल्या माणसाकडूनच येते.